बाणाई क्रेन आणि धुण्याचा दगड यांच्या वाटणीबाबत

॥ खंडोबा प्रसन्न ॥

मी, सिद्धाराम गुंडाप्पा सलगर, वय एकाहत्तर, राहणार अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, धंदा बंद पडलेली, रुतलेली, पलटी झालेली आणि मालकानं लाजेपोटी टाकून दिलेली वाहनं ओढून नेण्याचा, आज माझ्या राजीखुशीनं, पूर्ण शुद्धीत, दोन कप चहा पिऊन हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहायला बसलो आहे. माझ्यावर कुणाचाही दाब नाही. दाब टाकावा असं ज्यांच्या मनात आहे ते पुण्याला असतात आणि त्यांना रजा मिळत नाही.

डोकं ठिकाणावर असल्याचा डॉ. बुद्धघोष बनसोडे यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात वजा करायला लावले. मी त्यांना उलट विचारलं की डॉक्टर, तुमच्या गाडीचं पुढचं डावं टायर आतून झिजलंय हे तुम्हाला ठाऊक आहे का. त्यांनी खाली जाऊन बघितलं, वर आले आणि दाखल्यावर सही केली.

तुळजापूरच्या वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर आणि जंगम असे दोन रकाने होते. माझी जुनी हायड्रा क्रेन दोन वर्षं जागची हललेली नाही, तिच्या चाकात गवत उगवलंय, तिला कुठल्या रकान्यात घालू असं विचारलं तेव्हा ते म्हणाले की तुमचं तुम्हीच लिहा. दोन गोष्टी मात्र त्यांनी बजावल्या. एक, ज्याला या कागदानं काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची नाही. दोन, खाडाखोड करायची नाही, आणि झालीच तर बाजूला 'खाडाखोड मान्य' असं लिहून स्वतःची सही करायची. मी म्हणालो, वकीलसाहेब, सत्तेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका ओढतोय, माझ्या कागदावर खोड शोधून सापडायची नाही. तेव्हा वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं की इथं जे लिहिलंय ते एकदाच लिहिलंय.

कलम १. माझी माणसं अशी. पत्नी हरणाबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा वैजनाथ, पुण्याला. मुलगी दीपाली, नळदुर्गला दिलेली, पण दिवसभर इथं माझ्या धंद्यावर. जावई गौरीशंकर, शाळेत मास्तर. आणि धाकटा भाऊ बिरदेव, वय त्रेसष्ट, लोहाऱ्याला शेअरिंगची जीप चालवतो आणि अठरा वर्षं माझ्याशी बोललेला नाही.

या मृत्युपत्राचं खरं काम त्या शेवटच्या माणसाशी आहे. बाणाई नावाची माझी मोठी क्रेन मी त्याला देणार आहे, आणि का देणार आहे ते चार लोकांसमोर वाचायला लावणार आहे. ते नवव्या कलमात येईल. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल तिकडं उडी मारावी. पण आमच्या धंद्यात हुक लावायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारतात, मी तसाच येणार आहे.

कलम २. गावातलं घर वैजनाथ आणि दीपाली यांनी निम्मं निम्मं घ्यावं. पुढची खोली वैजनाथला, कारण तो आला की पुढच्याच खोलीत बसतो, चप्पलसुद्धा काढत नाही. मागची खोली आणि स्वयंपाकघर दीपालीला. मागच्या अंगणात धुण्याचा एक काळा दगड आहे, त्याला दोन भोकं आहेत. तो घराबरोबर कुणालाही जाणार नाही. त्याचं दहाव्या कलमात.

कलम ३. बँकेतलं जे असेल ते दोघांनी सारखं घ्यावं. आकडा लिहीत नाही, लिहिला की माझ्या तब्येतीची चौकशी वाढते.

कलम ४. वैजनाथबद्दल थोडं लिहिणं भाग आहे. त्याची कंपनी अशी आहे की कुणाची गाडी बंद पडली की तो माणूस मोबाइलवरनं कंपनीला कळवतो आणि कंपनी जवळच्या क्रेनवाल्याला कळवते. गाडी आम्ही ओढायची, नाव कंपनीचं. मागच्या वर्षी एक फोन आला. "नमस्कार पार्टनर, आपलं लाइव्ह लोकेशन शेअर करा," असं माझा पोटचा मुलगा मला म्हणाला. मी सांगितलं, बाबा, ज्या लिंबाखाली तुझं जावळ काढलं त्याच लिंबाखाली बसलोय. त्यावर त्यानं पंचेचाळीस मिनिटं दाखवतंय असं म्हणून फोन ठेवून दिला.

हा मुलगा चोवीस वर्षांचा असताना त्यानं एक लक्झरी बस पुढून उचलून सोलापूरपर्यंत ओढत नेली. मोठी गाडी पुढून उचलली की मागची चाकं रस्त्यावर फिरत राहतात, म्हणून आधी खाली शिरून गिअरबॉक्सला मागच्या चाकांशी जोडणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानं नवी पँट घातली होती म्हणून तो खाली शिरला नाही. सोलापूर येईपर्यंत बसच्या गिअरबॉक्सची राखरांगोळी झाली. बसचा मुळात नुसता एक पट्टा तुटला होता. त्या दिवसानंतर वैजनाथ मॅनेजमेंटमध्ये गेला. त्या गिअरबॉक्समधलं एक जळकं चाक मी जपून ठेवलं आहे, ते मी त्याला देतो. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायला बरं पडेल.

त्याचा आग्रह आहे की बाणाई भंगारात घालावी आणि हायवेवरच्या जागेत गाड्या धुण्याचं सेंटर काढावं. बाणाई भंगारात जाणार नाही. वैजनाथनं त्यावर परत फोन करू नये, मी नसेन.

कलम ५. म्हाळसा ही छोटी क्रेन, ती गवत उगवलेली हायड्रा, धंद्याचा फोन नंबर, सगळ्या साखळ्या, पट्टे, जॅक आणि हायवेवरची जागा लिंबासकट दीपालीला. नावांबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. खंडोबाच्या दोन बायका, एक वाण्याघरची म्हाळसा आणि एक आम्हा धनगरांची बाणाई. मोटारी, रिक्षा, छोटा हत्ती, असली नाजूक कामं म्हाळसेची. ट्रक, बस, उसाच्या ट्रॉल्या, कंटेनर, हे ओझं बाणाईचं. खुद्द आमचा खंडोबा दरवर्षी अणदूर सोडून नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि परत येतो, पण तो पालखीतनं जातो, त्यामुळं आमच्या धंद्याला त्याचा काही उपयोग नाही.

दीपालीला धंदा येतो, तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. गाडी जितकी लहान तितका मालकाचा आवाज मोठा. मोटारसायकलवाला फोनवर आमदाराचं नाव सांगतो. मोटारवाला शेजारी उभा राहून व्हिडिओ काढतो आणि दार पार चेमटलेलं असताना विचारतो की ओरखडा येणार नाही ना. दहा टायरचा ड्रायव्हर मात्र कडेला उकिडवा बसतो आणि काही बोलत नाही. आणि वजन कुणीच खरं सांगत नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या पार खचलेल्या असल्या तरी म्हणणार, थोडाच हाय ऊस. कमान दबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर हात जोडून सांगणार की गाडी रिकामी आहे. सोळा टनांचे दहा सांगायचे आणि दहाचे चार, हा सरळ भाव आहे. म्हणून आमच्यात वजन विचारायची पद्धत नाही, बघायची पद्धत आहे. टायर किती बसलंय, चाकावरच्या कमानीचे पाटे किती सरळ झालेत, चाक मातीत किती बोटं गेलंय, हे बघून आकडा काढायचा. मला तो अंदाज कधीच नीट आला नाही. ज्याला येत होता त्याचं पुढं येईलच.

कलम ६. हुक लावण्याआधी गाडीतला देव काढून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, ही माझ्या हायवेवरच्या अड्ड्याची रीत. गाडी बऱ्याचदा मागून उचलून न्यावी लागते, आणि देवाला उलट्या तोंडानं नेऊ नये. काही ड्रायव्हर दवाखान्यात जातात, काही पळून जातात, देव माझ्याकडं राहतात. आजमितीस शेडमधल्या फळीवर एकतीस आहेत. गणपती सर्वांत जास्त, मग तिरुपती, दोन बुद्ध, एक येशू, एक सातशेशहाऐंशीची पाटी आणि एक कुणाचा तरी आजोबा, त्याला मी देवच धरलं आहे. हे सगळे मी वैजनाथला देतो. फ्लॅटमध्ये जागा नाही असं त्यानं म्हणू नये. दीड हात फळी पुरते आणि त्याच्या फ्लॅटमध्ये तीन संडास आहेत.

कलम ७. जावई गौरीशंकर यांना माझा रेनकोट. ते आठवीला विज्ञान शिकवतात आणि तरफेचा नियम मला दर दिवाळीला समजावून सांगतात. गेल्या दिवाळीत त्यांनी स्वतःची मोटार हँडब्रेक न सोडता चार किलोमीटर चालवली आणि चाकातनं धूर निघाल्यावर मला फोन केला. स्वभावानं माणूस चांगला आहे. दीपाली दिवसभर ग्रीस लावलेल्या हातानं घरी जाते तेव्हा त्यांनी भाजी चिरून ठेवलेली असते, आणि हे नळदुर्गातल्या किती मास्तरांबद्दल सांगता येईल याची मला शंका आहे.

कलम ८. टोलनाक्याच्या पुढं जो नवीन निळ्या गाडीवाला आला आहे, ज्यानं माझ्या बोर्डासमोर त्याचा बोर्ड लावला आणि बोर्डावर वाघ काढला, त्याची गाडी माझं प्रेत न्यायला बोलवू नये. खांदेकरी कमी पडले तर मला म्हाळसेवरनं न्यावं, तोंड पुढं करून. हुक लावायची गरज नाही.

कलम ९. आता बाणाई.

आमचे वडील गुंडाप्पा मेंढरं राखायचे. बाजारात एडका नुसता बघून ते वजन सांगायचे आणि तराजू त्यांच्या मागनं यायचा. मी आणि बिरदेव पोरसवदा होतो तेव्हा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर काळ्या मातीत एक लॉरी रुतली. आम्ही शेजारच्या वस्तीवरचे चार बैल जुंपून ती बाहेर काढली. वडिलांना वाटलं पोरं बिघडली. आम्हाला वाटलं धंदा सापडला. पुढं लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक आणला, त्यावर मागच्या बाजूला उचलण्याचा लांब दांडा चढवला, आणि बाणाई तयार झाली.

मागच्या दांड्यानं ओझं उचललं की क्रेनचं पुढचं तोंड वर उचललं जातं. बैलगाडीत मागं जास्त भरलं की जू वर जातं आणि बैल लोंबतात, त्याला आपल्याकडं गाडी उलाळ होणं म्हणतात, तसंच. ते होऊ नये म्हणून पुढं वजन लागतं. आम्ही वडाराकडनं काळ्या दगडाचे दोन चिरे घडवून घेतले, साडेतीन साडेतीन क्विंटलचे, प्रत्येकाला दोन भोकं पाडली, आणि पुढच्या बंपरवर पत्र्याची झाकणबंद पेटी करून त्यात ते बोल्टनं आवळून टाकले. आवळले बिरदेवनं. बाणाई चालवायचाही तोच. वडिलांचा अंदाज त्याच्यात उतरला होता. तो खाली उतरायचा, गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि आकडा सांगायचा, आणि काट्यावर तोच आकडा यायचा. हैदराबादपर्यंतचे ड्रायव्हर त्याचं नाव घ्यायचे. माझा बोर्ड होता आणि नाव त्याचं होतं. ते मला आवडत नव्हतं, हे इथं लिहून ठेवतो.

सन २००७, मार्च महिना. आमचं गावातलं घर नुकतंच बांधून झालं होतं. हरणाबाई रोज म्हणायची की धुणं धुवायला दगड नाही, नव्या घरात फरशीवर धुणं आपटायचं का. बिरदेव दोन दिवस सासुरवाडीला लोहाऱ्याला गेला होता. मी बाणाईच्या पेटीचं झाकण उघडलं, एका चिऱ्याचे बोल्ट सोडले, चेन पुलीनं उतरवला आणि अंगणात नेऊन बसवला. झाकण परत लावलं. वडाराला नवा चिरा सांगायचा होता. उद्या सांगू म्हणालो. बिरदेव परत आल्यावर त्यालाही सांगायचं होतं. ते मी विसरलो नव्हतो. दादल्यानं बायकोसाठी क्रेनचा दगड काढला म्हणून तो हसेल, त्याची मला लाज वाटली. एवढंच कारण होतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी नळदुर्गच्या अलीकडच्या उतारावर फरशीचा ट्रक रस्ता सोडून खाली गेला. ड्रायव्हर म्हणाला निम्माच माल आहे. बिरदेवनं फेरी मारली आणि सोळा टन सांगितले. दोन्ही दगड असते तर बाणाईनं ते उचललं असतं, त्याआधी पाच-पन्नास वेळा उचललं होतं. तिनं ट्रकचं मागचं अंग हातभर वर घेतलं आणि ती स्वतःच उलाळ झाली, बाजूला कलली आणि बिरदेवसकट उतारावरनं खाली गेली. त्याचा डावा पाय तीन ठिकाणी मोडला. तो आता चार बोटं आखूड आहे.

लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा मी तिथं पोचलो. पेटी फाटून उघडी पडली होती आणि त्यात एकच दगड होता. मी सगळ्यांच्या आधी म्हणालो की दुसरा खाली नाल्यात गेला असेल. कुणी शोधायला गेलं नाही. आणि मग चाळीस माणसांसमोर, भाऊ जमिनीवर पडलेला असताना, मी म्हणालो, "वजन वळखणं तुझं काम न्हाय. जा, मेंढरं वळ."

हे वाक्य रस्त्यानं पळालं. महिन्याभरात त्याला लोक उलाळ बिरू म्हणायला लागले. क्रेनवाल्याचा अंदाज चुकला अशी बोंब झाली की त्याला कुणी गाडीला हात लावू देत नाही. दवाखान्यातनं सुटून तो एकदा घरी आला, अंगणापर्यंत, आणि चहा न घेता गेला तो लोहाऱ्याला. मला वाटलं त्या वाक्याचा राग आला. राग कुणाला नाही येणार.

विम्याच्या कामासाठी तो फरशीचा ट्रक नंतर मालासकट काट्यावर चढवला होता. त्याची पावती सोबत जोडली आहे. सोळा टन दोनशे किलो. ती अठरा वर्षं माझ्या ट्रंकेत, लग्नाच्या फेट्याखाली होती. समोरच्या गाडीचं वजन माझ्या भावानं बरोबर ओळखलं होतं. त्याच्या स्वतःच्या गाडीतलं वजन मी काढून घेतलं होतं.

सबब बाणाई क्रेन मी माझा धाकटा भाऊ बिरदेव गुंडाप्पा सलगर याला देत आहे. हे कलम माझ्या दिवसकार्यानंतरच्या पहिल्या रविवारी अड्ड्यावरच्या लिंबाखाली, गॅरेजवाले, ढाबेवाले आणि निळ्या गाडीवाला यांच्यासमोर, दीपालीनं मोठ्यानं वाचावं. वैजनाथला वाचायला देऊ नये, तो मधले शब्द गाळतो.

कलम १०. धुण्याचा दगड म्हणजे तोच दगड. अठरा वर्षं माझे कपडे त्याच्यावर धुतले गेले आणि दोन भोकांत साबणाचा चुरा साठत गेला. हरणाबाईनं एकदा विचारलं होतं की ही भोकं कशाची. मी म्हणालो वडारानं चुकून पाडली. ती परत बोलली नाही. शेवटच्या दुखण्यात मात्र मला जवळ बोलावून म्हणाली, "भावजींचं हाय ते भावजींना द्या." बिरदेवचं एक चांदीचं कडं आमच्याकडं राहिलं होतं. मी ते लोहाऱ्याला पाठवून दिलं आणि बायकोची इच्छा पुरी केली म्हणून डोळे पुसले. कडं आठ दिवसांनी परत आलं. माणसानं मठ्ठ असावं, पण किती.

हा दगड घासून स्वच्छ करून बाणाईच्या दुरुस्त केलेल्या पेटीत, अजून रिकाम्या असलेल्या जागी, जिथला तिथं बसवावा आणि मग बाणाई बिरदेवच्या ताब्यात द्यावी. त्यानं घ्यायला नकार दिला तर बाणाई दीपालीला जाईल.

कलम ११. वरची दहा कलमं लिहून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. हे सगळं मी मेल्यावर वाचलं जाणार होतं आणि मला कुणाचं काही ऐकून घ्यावं लागणार नव्हतं. ही सोय मला मनापासून पटली होती. मग दीपालीनं कागद वाचला. वाचून झाल्यावर ती बराच वेळ पाना पुसत बसली. "आप्पा, हे तुमी मेल्यावर कशाला? लोहारा तासाभराचा रस्ता हाय," असं म्हणून तिनं म्हाळसा चालू केली आणि मला शेजारी बसवलं. जन्मात पहिल्यांदा मला माझ्याच क्रेननं नेलं.

बिरदेव स्टँडवर जीपमध्ये सीट भरायची वाट बघत होता. मागं सात माणसं बसलेली, आणखी चार हवी होती. मी त्याच्या शेजारच्या सीटवर चढलो आणि नववं कलम वाचायला लागलो. तो समोर काचेकडं बघत होता. दहावं कलम संपलं तेव्हा मागनं एक म्हातारी म्हणाली, मग आता धुणं कशावर धुता?

मग बिरदेव म्हणाला. "म्या दवाखान्यातनं आलो त्याच दिशी बघितला दगड. वहिनी माझंच धोतर धूत व्हत्या त्याच्यावर. ती भोकं म्या वळखायची न्हाय तर कुणी वळखायची, अण्णा?"

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. तो म्हणाला की तुमी सांगाल म्हणून थांबलो. पहिलं वर्षभर रोज वाट बघितली, मग जीपची सीटं भरायची वाट बघायला लागलो. हे तो शांतपणे म्हणाला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं झालं असतं. मी रडलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस सात परक्या माणसांसमोर जीपमध्ये रडला, आणि लोहाऱ्याच्या स्टँडवर त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मग त्यानं कागद हातात घेऊन पहिलं पान बघितलं आणि विचारलं की सही करणाऱ्याला काही मिळत नाही, हे खरं का. मी म्हणालो, वकिलांनी बजावलंय, ज्याला मिळणार त्यानं साक्षीदार व्हायचं नाही.

"मग क्रेन दीपाला द्या. म्या सही करनार," तो म्हणाला. "क्रेन घेतली तर लोक म्हणतील थोरल्याला दया आली. त्या दिशी चाळीस माणसं व्हती, माझ्या बाजूनं एक बी बोललं न्हाय. आता म्या बोलतो."

मी समजावून बघितलं. तो ऐकेना. सलगरांत हट्ट कुणाचा कमी नाही. दगड मात्र मी स्वतः बसवणार, असं त्यानं बजावलं, तुमच्यावर माझा भरवसा नाही. तोवर मागं अकरा सीटं भरली होती. त्यानं मला उतरवलं आणि जीप चालू केली.

आज रविवार. सकाळी बिरदेव अड्ड्यावर आला. लिंबाखाली गॅरेजवाले, ढाबेवाले जमले होते, निळ्या गाडीवालाही आला होता. दीपालीनं नववं कलम वाचलं, मी जिवंत असताना, आणि मी समोर उभा राहून ऐकलं. नंतर म्हाळसेनं दगड उचलून पेटीत ठेवला. दोन्ही बोल्ट बिरदेवनं आवळले. मी पाना धरायला पुढं झालो, तर त्यानं तो दीपालीच्या हातात दिला. काम झाल्यावर त्यानं रस्त्यानं चाललेल्या एका ट्रककडं बोट केलं आणि तिला वजन विचारलं. ती म्हणाली बारा. तो म्हणाला पंधरा, पाटे बघ. दर रविवारी येतो म्हणाला. मी अड्ड्यावर असेन की नसेन, हे त्यानं विचारलं नाही.

तरी नवव्या कलमात मी बाणाई बिरदेवला दिली होती, ती त्याच्या नकारामुळं दहाव्या कलमाप्रमाणं दीपालीला जात आहे. नववं कलम मी खोडलेलं नाही. जे झालं ते तिथंच राहू द्यावं.

एवढा कागद मी वाचून, समजून, कुणाला न घाबरता पुरा केला. आजवर मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही, आणि पुढं करायचा विचार आला तर दीपालीनं माझ्या हातातनं पेन काढून घ्यावं.

मुक्काम अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव
दिनांक १४ डिसेंबर २०२५, रविवार

सही
सिद्धाराम गुंडाप्पा सलगर

आमच्यासमोर वरील इसमानं सही केली आणि त्याच्यासमोर आम्ही सह्या केल्या:

साक्षीदार १
डॉ. बुद्धघोष बनसोडे, राहणार अणदूर
धंदा: वैद्यकीय
सही

साक्षीदार २
बिरदेव गुंडाप्पा सलगर, राहणार लोहारा
धंदा: क्रेन ऑपरेटर
सही

(साक्षीदार २ यांच्या नावाखाली मी 'जीपचालक' असं लिहिलं होतं. सही करताना त्यांनी तो शब्द स्वतःच्या हातानं खोडला आणि वरचा लिहिला.)

खाडाखोड मान्य.
सि. गु. सलगर